उजवी बाजू

चाळीस वर्षं स्वासाँ गावात मी
लोकांचे दात घडवले.
पोर्सेलीनचे, एकेक,
शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवून.
पांढऱ्यातले सोळा पांढरे मला पाठ आहेत.
आता करड्यातले मोजतोय.

भिंगाखाली फोटो.
एप्रिल सतराचा, काचेच्या प्लेटवरून उतरवलेला,
कोपरा उडालेला.
चिखलात नाक खुपसून बसलेला रणगाडा,
अंगावर ठिगळं, पट्टे, वेडीवाकडी वळणं,
जणू लोखंडाला कुणी गोधडीत निजवलंय.
तीन करडे:
गडद, मध्यम,
आणि एक, जो सकाळी गडद वाटतो, दिव्याखाली फिका.
हे सगळं मला एकास पस्तीसच्या मापात हवंय,
वीतभर गाडीवर.

ती प्लेट तांबड्याला आंधळी होती.
तांबडं तिला काळं दिसे, निळं पांढरं.
म्हणून फोटोत आभाळच नाही, नुसता कोरा कागद.
म्हणून कडेला उभ्या पोराचे ओठ
शाई प्यायल्यासारखे.
त्याचा डगला निळा असणार, तशा कापडाचा तुकडा
संग्रहालयात मी हातमोजे घालून चाचपलाय;
इथे मात्र तो पिठाच्या गोणीसारखा.
मग हा गडद पट्टा कोण?
विटकरी, हिरवा की डांबर?
तिघांनाही विचारलं. तिघेही हात वर करतात.

दिसतं तसं नसतं, हे जगाचं जुनं गाऱ्हाणं.
इथे तेच काम होतं, पगारी.
नाटकाचे पडदे रंगवणारे, पाट्या लिहिणारे
लष्करानं गोळा केले आणि सांगितलं,
हे लोखंड नाही असं वाटू द्या.
त्यांतला एक हात मला आता ओळखू येतो:
वळणावर ब्रश उचलत नाही,
शेवटाला रंग जरा ओघळू देतो.
नाव माहीत नाही.
ओघळ माहीत आहे.

बिटाची शेती करणारा गिलँ
पोत्यात गुंडाळून एक जाड पत्रा घेऊन आला.
आजोबांनी सशांच्या खुराड्याला लावलेला,
कडेनं रिव्हेटची भोकं.
कुठल्या गाडीचा, मी विचारलं.
शेतातल्या, तो म्हणाला.
दातांवरचं कीटण काढायच्या आकड्यानं
रात्री दोनपर्यंत खरवडत बसलो.
चुना. खिडक्यांच्या झडपांचा हिरवा. डांबर. पुन्हा चुना.
आणि गंजाला चिकटून, नखाएवढा,
पिकून सुकलेल्या जर्दाळूचा रंग.
सोलाँजला उठवलं.
ती डोळे चोळत म्हणाली, "छान. आता झोप."

डावी बाजू झाली.
चुकली असेल, पण कशी चुकली ते मला सांगता येईल.
उजवी कुणीच टिपली नाही.
फोटो काढणारा वळसा घालून पलीकडे गेला नाही;
चिखल होता, पाय दुखत असतील,
किंवा प्लेट संपली.

ज्यांचे सगळेच दात गेलेले असत,
शेजारी विचारायला एकही खरा नसे,
त्यांच्याकडे मी जुना फोटो मागायचो, हसतानाचा.
बहुतेकांकडे नसायचा.
मग मी मनानंच करायचो.
ती माणसं आरशात बघून म्हणायची,
हो, असेच होते.
खोटं असेल. पण माझं बिल त्या वाक्यावर निघायचं.

गेल्या रविवारी उजवी बाजू रंगवली.
वळणावर ब्रश उचलला नाही,
शेवटाला ओघळ सोडला.
सोलाँज म्हणते, भिंतीकडे करून ठेव,
विचारतोय कोण.

भिंग पुन्हा त्या पोरावर नेतो.
रणगाड्याच्या नाकाशी उभा आहे तो,
नजर कॅमेऱ्यात नाही.
तो उभा आहे तिथून
त्याला उजवी बाजू दिसते आहे.
त्याचे ते काळे ओठ
मिटलेले.